पूर्वीच्या काळची म्हणे मी!

मी सुरी बोलतेय. टेबलावर शोधू नका, वर पाहा. शेकोटीच्या वर, पेंढा भरलेल्या अस्वलाच्या मुंडक्याशेजारी जी स्क्रूनं भिंतीला आवळलेली आहे, ती मी. अर्धचंद्रासारखं पातं आणि पात्याच्या पाठीवर शिंगाची मूठ. पाहुणे माझ्याखाली उभे राहून फोटो काढतात. अस्वलाबरोबर काढतात खरं तर, मी आपली फुकटात येते.

मी या भिंतीवर जन्मले नाही. वसिलीनं एका मोडक्या करवतीतून मला कापून काढलं. तीन दिवस नदीकाठच्या दगडावर घासलं, मूस नावाच्या थोराड हरणाच्या शिंगाची मूठ बसवली आणि नव्या नवरीच्या, आगाफियाच्या हातात दिलं. म्हणाला, "घे. आता उपाशी ठेवलंस तर हत्याराला नावं ठेवायची सोय नाही हं!"

ती म्हणाली, "आधी मासे तर आण, मग तोंड चालव."

त्यांनी दोघांनी मिळून चाळीस उन्हाळे नदीच्या पलीकडच्या काठावर काढले. जूनमध्ये समुद्रातून सॅल्मन मासे नदीत वर चढायचे, वसिली जाळी ओढायचा आणि मग माझं राज्य सुरू व्हायचं. डोकं वेगळं, पोट उघडं, गाबोळी बाजूला. मग मधल्या काट्यावर मला टेकवून आगाफिया मनगट आत वळवायची आणि मला शेपटीपर्यंत सरकवायची. दोन्ही बाजू शेपटीला जोडलेल्या राहायच्या, म्हणजे दांडीवर टाकून धुरी देता येते. तिच्या हातून काट्यावर मांसाचा कण राहायचा नाही. मनगट बाहेर वळलं की संपलं, अर्धा मासा काट्यालाच चिकटून जातो. सगळी विद्या त्या मनगटात होती, आणि ती नुसतं सांगून येत नाही. शिकणारीच्या मुठीवर आपला हात ठेवून शिकवावी लागते.

वसिली गेला. त्याच सुमारास अलीकडच्या काठावर, मी आता टांगलेय ते हे लॉज उभं राहिलं. रस्ता नाहीच, पाण्यावर उतरणाऱ्या विमानातून पाहुणे येतात. कमरेइतक्या पाण्यात उभं राहून गळ टाकतात. मासा अर्धा तास झुंजतो, दमतो, मग त्याला उचलून फोटो काढतात आणि परत सोडून देतात. त्यांना वाटतं, केवढी ही दया!

आगाफियाला हे बघवायचं नाही. "माशाशी खेळू नये," ती म्हणायची. "तो आपणहून आपल्याकडे येतो. खायचं तर घ्या, नाहीतर हात लावू नका. दारात बोलवायचं, थोबाडीत मारायची आणि जा म्हणायचं, ही कुठली रीत?"

आणि तिची पोटची पोरगी ओकालेना त्याच लॉजवर स्वयंपाकीण! जून ते सप्टेंबर. म्हणजे मासे असतात नेमके तेवढे दिवस. दर वर्षी मायलेकींचं एकच बोलणं.

"यंदा तरी सुरी धर गं. माझी बोटं बघ, झाडाच्या मुळांसारखी वाकडी झालीत."

"पुढच्या उन्हाळ्यात नक्की, आई. यंदा लॉज भरलंय."

"मासे थांबतील गं एखाद वर्ष. मी थांबेन का?"

"झालं तुझं सुरू!"

अशी आठ वर्षं गेली. शेवटी एका जुलैत ओकालेनानं दोन दिवसांची रजा काढली. रविवारी येते म्हणाली. आगाफियानं आदल्या दिवशी मला दगडावर असं पाजळलं, की माशी बसली असती तर तिचे दोन तुकडे झाले असते. मलाही उमेद आली. मूठ म्हातारी झाली होती, पण नव्या हाताची भूक होती मला.

त्याच दुपारी लॉजचा मालक डॅरिल होडीतून पाहुण्यांना घेऊन आला. 'खरं जगणं' दाखवायला. त्यात दातांचा एक डॉक्टर होता. आगाफियाचं कापणं पाहून तो म्हणाला, "काय सुंदर सुरी आहे!" थोड्या वेळानं पुन्हा म्हणाला. निघताना मला हातात घेऊन तिसऱ्यांदा म्हणाला.

आता आमच्या काठाची रीत अशी, की पाहुण्यानं एखाद्या वस्तूची एवढी तारीफ केली म्हणजे त्याला ती हवी आहे. आणि हवी म्हणणाऱ्याला नाही म्हणायचं नसतं. तो काम भागलं की वस्तू परत आणतो, वर काहीतरी घेऊनही येतो. 'परत आण' असं तोंडानं म्हणणं म्हणजे त्याला चोर म्हणणं. आगाफियानं मला धुतलं, पुसलं आणि त्याच्या हातात ठेवलं. त्यानं छातीवर हात ठेवून आभार मानले. रीत त्याला ठाऊक असेल असं ती धरून चालली. तेवढीच तिची चूक.

रविवारी ओकालेना आली.

"आई, दिलीस? आणि आजच?"

"तीनदा म्हणाला तो. काय करू मग?"

"त्यांची नुसती बोलायची पद्धत असते गं ती! जेवणाला छान म्हणतात, हवेला छान म्हणतात."

"आणेल परत. थांब."

दोघी दोन दिवस थांबल्या. ओकालेनानं लॉजची सुरी पुढे केली, पण आगाफियाच्या वाकड्या बोटांत ती धरवेना. रजा संपली.

डॉक्टरनं जाताना मला डॅरिलला देऊन टाकलं होतं. अशी वस्तू लॉजलाच शोभते म्हणे. डॅरिलनं माझ्या पात्याला भोक पाडलं. कुणाला लागू नये म्हणून कानशीनं धार मारली. चकचकीत रंग दिला आणि स्क्रू आवळला. ज्या धारेसाठी वसिलीनं तीन दिवस घातले, ती मारायला त्याला पाच मिनिटं पुरली.

आठवड्याभरात आगाफिया इथे आली, ती एकदाच. ओकालेनानं तिला खालची पाटी वाचून दाखवली, 'पूर्वीच्या काळी येथील स्त्रिया मासे कापण्यासाठी ही सुरी वापरत.'

"पूर्वी म्हणजे कधी गं?" आगाफियानं विचारलं. "गेल्या शनिवारी?"

ओकालेना डॅरिलकडे गेली. तो वाईट माणूस नाही, तेच तर दुखणं आहे. "अगं, सुरी डॉक्टरांनी लॉजला भेट म्हणून दिलीय," तो म्हणाला. "मी कोण परत करणारा? आणि त्यांना तुझ्या आईनंच दिली ना?"

ओकालेना तोंड उघडणार, तोच आगाफियानं तिचा दंड धरला. "दिलेलं मागायचं नसतं. चल."

मला त्या दिवशी तिचाही राग आला. माझी बाई माझ्याकडे न बघता दारातून निघून गेली. जळो ती रीत!

त्या हिवाळ्यात आगाफिया गेली. मला जूनमध्ये कळलं. ओकालेना कामावर आली, माझ्याखाली उभी राहिली आणि म्हणाली, "आई गेली गं." कुणाला म्हणाली? खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

आता जेवणं झाली की डॅरिल तिला बोलावतो. "ओकालेना, आपल्या पाहुण्यांना या सुरीची गोष्ट सांग." ती दोन वाक्यांत सांगते. काल एक बाई म्हणाली, "कसं कापायचे ते दाखव ना!"

ओकालेनानं हातातली थाळी खाली ठेवली. मग तिनं रिकामी मूठ हवेत धरली, नसलेल्या माशावर टेकवली आणि सरकवली.

मनगट बाहेर वळलं होतं.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. इथे उभ्या माणसांत कुणाला कळणार? ओकालेनाला स्वतःलाही कळलं नाही. मला कळलं. मी ओरडले असते, आत वळव पोरी, आत! पण मला तोंड नाही, एक धार होती, तीही नाही.

बाबांनो, फोटो काढून झाला असेल तर एक करा. तुमच्यापैकी कुणाच्या खिशात पेचकस असला तर हा एवढा एक स्क्रू काढा आणि मला तिच्या हातात द्या. शिकवणारं कुणी उरलं नाही, ठाऊक आहे मला. पण आगाफियाच्या अंगठ्यानं चाळीसहून जास्त वर्षांत माझ्या मुठीवर एक खळगा पाडलाय. पोरीचा अंगठा त्यात बसला, तर निदान मनगट कुठे वळायचं तेवढं तिला कळेल.