मागची डावी बाजू

ज्ञानेश गायधनी नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात तपासणी विभागात होता. दिवसभर सुटे भाग मोजायचे आणि केसाएवढा फरक दिसला तरी माल बाजूला काढायचा, हे त्याचं काम. त्याच्याकडे बारा वर्षांची एक छोटी गाडी होती. वळणावर ती अशी कलायची की शेजारी बसलेली त्याची बायको प्रतिभा दाराचं हॅण्डल धरून बसायची. नवी गाडी घेणं परवडणारं नव्हतं, आणि सस्पेन्शनचा अख्खा नवा संच घ्यायचा तर दोन पगार गेले असते.

सिन्नर फाट्याजवळ वाल्मीकचं गॅरेज होतं. तो म्हणाला, "आधी टायर चांगले घाला, ज्ञानेशभाऊ. मग खालचे झिजलेले रबरी बुश बदलू. निम्मी गाडी तिथंच सुधारते. शॉकअप आणि स्प्रिंगा शेवटी बघू."

ज्ञानेशनं तसंच केलं. पुढचे शॉकअप नवे घेतले. मागच्यांसाठी मात्र वाल्मीकनं भंगारवाल्याकडे सांगून ठेवलं होतं, आणि जानेवारीत त्याचा फोन आला. याच गाडीचं वरचं मॉडेल भंगारात आलं होतं. पुढून पार चेपलेलं, पण मागचं सगळं शाबूत. स्प्रिंगा आखूड आणि कडक, शॉकअपही जवळजवळ नवे. एका दुपारी दोघांनी मिळून ते बसवले, अलाइनमेंट केली, आणि ज्ञानेश गाडी घेऊन पुणे रोडला एक चक्कर मारून आला. गाडी रस्त्याला चिकटून चालत होती. त्याला इतका आनंद झाला की सिग्नलला थांबल्यावर तो एकटाच हसला.

घरी आल्यावर सवयीनं त्यानं टेप काढली. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत चारही बाजू मोजल्या. मागची डावी बाजू अठरा मिलिमीटर खाली होती.

वाल्मीकनं दुसऱ्या दिवशी स्प्रिंगांची अदलाबदल केली. डावी उजवीकडे, उजवी डावीकडे. तरी डावीच बाजू खाली. डिकी रिकामी केली, टायरची हवा बघितली, खालचा दांडा वाकलाय का तेही तपासलं. काहीच सापडलं नाही. शेवटी शेजारी चाललेल्या बांधकामावरून त्यानं सिमेंटची एक भरलेली गोणी आणली आणि मागच्या सीटवर उजव्या बाजूला ठेवली. गाडी दोन्हीकडून अगदी सारखी झाली.

"पन्नास किलो," वाल्मीक म्हणाला. "डाव्या बाजूला पन्नास किलो वजन आहे, भाऊ. पण आहे कुठं?"

त्या रविवारी सकाळी ज्ञानेश आणि प्रतिभा पेठ रोडनं निघाले. सावळघाटातली वळणं गाडी कशी घेते ते त्याला बघायचं होतं. प्रतिभा मखमलाबादच्या भाजी पिकवणाऱ्या घरातली. लहानपणी वडिलांच्या पिकअपमधून मार्केटला जाऊन जाऊन, गाडीत किती माल आहे हे तिला बसल्या जागी कळायचं. म्हसरूळ मागं पडलं तशी ती म्हणाली, "अहो, मागं कोणीतरी बसल्यासारखी चाललीय गाडी."

"स्प्रिंगचं काहीतरी असेल."

"माल असला की गाडी जड लागते. ही तशी नाही. वळणावर मागचं वजन जरा उशिरानं कलतंय. माणूस स्वतःला सावरतं ना, तसं."

घाटात शिरल्यावर ज्ञानेश चौथ्या वळणापर्यंत खुशीत होता. पाचवं वळण डोंगराला लगटून लांबट जात होतं. डाव्या हाताला पांढरा कठडा, त्याच्या अलीकडे गाडी उभी राहील एवढी मोकळी जागा. तिथं गाडी मागून हळूच वर उचलली गेली. धक्का नाही, आवाज नाही. मागं बसलेला माणूस उतरला की गाडी जशी उचलली जाते, तशी. प्रतिभानं झटकन मागं वळून बघितलं. सीट रिकामी होती. पण मागच्या डाव्या दाराची काच चार बोटं खाली आली होती.

ज्ञानेशनं गाडी कडेला घेतली. उतरून त्यानं टेप लावली. दोन्ही बाजू सारख्या भरल्या, एक मिलिमीटरचाही फरक नाही.

त्यांनी पुढं न जाता गाडी वळवली. तेच वळण परत आलं तेव्हा दोघंही श्वास रोखून होते. कठड्याजवळ गाडी मागून डावीकडे दबली. प्रतिभानं पदर तोंडाशी धरला.

पुढचे दोन आठवडे ज्ञानेश रोज तीच गाडी घेऊन कामावर गेला. आरशात मागं बघणं त्यानं सोडून दिलं. गतिरोधक आला की तो नकळत गाडी अगदी हळू करायचा. एकदा रिक्षा आडवी आली, करकचून ब्रेक मारावा लागला, आणि त्याच क्षणी त्याचा डावा हात मागं गेला, कोणाला तरी धरायला. कारखान्यातला अश्विन एकदा घरी येताना सोबत होता. पुढच्या सीटवर खोकी होती म्हणून तो मागं डावीकडे बसला. गाडी जराही दबली नाही. अश्विन बसल्याबसल्या उजवीकडे सरकला, तेव्हा कुठं उजवी बाजू खाली गेली.

"ती सीट ओली आहे का रे?" अश्विननं विचारलं. "लईच गार लागली."

ज्ञानेश वाल्मीककडे गेला. वाल्मीकनं सगळं ऐकून घेतलं. "काढून फेकू या. तुमच्या जुन्या स्प्रिंगा आहेत माझ्याकडे. तासाभराचं काम."

ज्ञानेशनं हे घरी सांगितलं. प्रतिभा मेथी निवडत होती. तिचे हात थांबले. "फेकून दिल्या तर त्या माणसानं बसायचं कुठं?"

त्या रात्री दोघांनाही झोप लागली नाही. सकाळी ज्ञानेशनं भंगारवाल्याकडून त्या गाडीच्या मालकाचं नाव मिळवलं. संतोष थेटे, गिरणारेच्या पुढची एक वस्ती.

संतोष चाळिशीचा होता, काठी टेकत चालायचा. शेतात टोमॅटोच्या बांबूंची आवराआवर चालली होती. गाडीचं नाव काढताच त्याचा चेहरा उतरला. ज्ञानेशनं घाटातल्या वळणाचं सांगितलं, पांढरा कठडा सांगितला, काचेचं सांगितलं. संतोष बांधावरच बसला.

"आमची आई," तो म्हणाला. "साळूबाई. तिला गाडी लागायची. कायम मागं डावीकडं बसायची, काच चार बोटं खाली करून. भाचीचा साखरपुडा होता पेठला. उशीर झाला होता, मी गाडी पळवत होतो. त्या वळणाला आई म्हणली, संतोष, जरा थांबव, मळमळतंय, पाच मिनिटं उतरते. मी म्हणलो, आता नाय, लय उशीर झाला, दम धर." त्यानं काठी मातीत रुतवली. "दोन वळणं पुढं समोरून टेम्पो आला. मी वाचलो. ती बात मी घरात कोणाला सांगितली नाय. बायकोलाबी नाय."

ज्ञानेश म्हणाला, "चला माझ्याबरोबर. आत्ताच."

अपघातानंतर संतोष कधी गाडीत बसला नव्हता. पुढच्या सीटवर बसताना त्याच्या कपाळावर घाम आला. ज्ञानेशनं गाडी इतकी सावकाश चालवली की मागच्या गाड्या हॉर्न वाजवत पुढं गेल्या. दुपारचे दोन वाजले होते, घाटात ऊन रखरखत होतं. पाचव्या वळणाच्या आधी त्यानं वेग आणखी कमी केला आणि कठड्याशेजारच्या मोकळ्या जागेत गाडी थांबवली.

संतोष काठी घेऊन उतरला. मागं गेला. डावीकडचं दार त्यानं पूर्ण उघडलं आणि धरून उभा राहिला.

"आई," तो म्हणाला, "थांबवली गं. उतर. कायबी घाई नाय."

गाडी वर उचलली गेली. हातातलं दार वर सरकलेलं संतोषला जाणवलं. तो हलला नाही. वारा पडलेला होता. तरी कठड्याजवळचं वाळलं गवत एका जागी, बसायला लागेल एवढ्याच जागी, चपटं झालं. ज्ञानेश स्टीअरिंगवर हात ठेवून समोर बघत राहिला. मागं बघायची हिंमत त्याला झाली नाही.

पाच मिनिटं झाली, दहा झाली. संतोष दार धरून उभाच होता. दुखरा पाय थरथरत होता, तरी त्यानं भार बदलला नाही. मग गवत हळूहळू सरळ झालं. थोड्या वेळानं गाडी दबली.

"बरं वाटतंय ना आता?" संतोषनं विचारलं. उत्तराची वाट बघितल्यासारखा तो क्षणभर थांबला आणि मग दोन्ही हातांनी, आवाज न करता, त्यानं दार लावलं. "साहेब, घरी चला. पेठला नको."

वस्तीवर पोचेपर्यंत ऊन उतरायला लागलं होतं. संतोषची बायको उज्वला अंगणात आली. नवरा गाडीतून उतरतोय, हे बघून ती जागीच थबकली. संतोषनं तिच्याकडे न बघता मागचं दार उघडलं.

"घर आलं, आई."

गाडी उचलली गेली. या वेळी ज्ञानेशनं उतरून मोजायची गरज नव्हती, ती सरळ उभी आहे हे त्याला बसल्या जागी कळलं. दाराशी बांधलेल्या कुत्र्यानं शेपूट पायांत घातली, मग मान वर करून हवेत काहीतरी हुंगलं आणि ते शेपूट हलवायला लागलं.

आंब्याशेजारी उन्हात सुतळीची एक बाज होती. तिच्यावर उज्वलानं मिरच्या वाळत घातल्या होत्या. बाजेचा पाय करकरला. मधली सुतळी सावकाश खाली गेली, आणि मिरच्या घरंगळत त्या खळग्याच्या कडेला जमा झाल्या.

उज्वलानं नवऱ्याकडे बघितलं. तो रडत होता. पुढं होऊन तिनं बाजेवरच्या मिरच्या सुपात गोळा केल्या, जागा मोकळी केली, आणि पदर सावरून उरलेल्या कडेवर, अंग चोरून, बसली.