पुरावा खोटा पाडायचा नाही

स्पर्धा परीक्षांच्या क्लासात मी आठ वर्षं तर्क शिकवतेय. 'खालीलपैकी कोणतं विधान युक्तिवाद सर्वांत जास्त कमकुवत करतं?' या प्रश्नात मुलं हमखास आपटतात, कारण ती पुरावाच खोटा ठरवायला धावतात. मी ओरडते, अरे बाबांनो, पुरावा खोटा पाडायचा नाही! तो खराच धरायचा. पुरावा आणि निष्कर्ष यांच्यामधला सांधा शोधायचा आणि घाव तिथे घालायचा.

धाकट्या बहिणीलाही हे मीच शिकवलं. क्लास चालवणाऱ्या सरांच्या मागे लागून तिला तिथे शिकवायला चिकटवली तीही मीच. हौस ना!

यंदा सर विभागप्रमुख नेमणार होते. "मॅडम, आठ वर्षांत तुमचा एक तास बुडालेला नाही. तेव्हा विभाग तुमचाच," असं सगळ्यांसमोर म्हणाले होते. मला ते पद हवंच होतं. का, ते फक्त धाकटीला ठाऊक. माझा डावा कान जवळजवळ गेलाय. मागच्या बाकावरचे प्रश्न ऐकूच येत नाहीत. विभाग मिळाला की शिकवणं कमी, पेपर काढणं जास्त. नोकरी टिकली असती. हे सांगितल्यापासून रस्त्यानं ती न चुकता माझ्या उजवीकडून चालायची. केवढं कौतुक वाटायचं मला!

सोमवारी शिक्षकांच्या खोलीत पेपर तपासत होते. मान वर केली तर डावीकडे सर उभे.

"तीन हाका मारल्या," ते म्हणाले. "तुमचा तास बुडत नाही, हे खरंच. पण मुलांच्या शंका तुम्हाला ऐकूच येत नसतील तर काय उपयोग? तुमच्या बहिणीला फार काळजी वाटते हो तुमची."

पुरावा शाबूत, निष्कर्ष भुईसपाट. पैकीच्या पैकी गुण! माझे कान तापले. दोन्ही. तापायला डावाही चालतो.

संध्याकाळी फळ्यावर सूचना लागली. विभाग धाकटीला.

जिन्यातच गाठली तिला. "केसानं गळा कापलास गं माझा!"

"ताई, मी खोटं काय बोलले?"

ज्याचं करावं भलं, तो म्हणतो माझंच खरं. आणि खोटं नव्हतंच ना त्यात काही! गुरूची विद्या गुरूला फळली. मला रडू आलं, तेही तिच्यासमोर, याचीच जास्त चीड आली.

घर एकच, त्यामुळे रस्ताही एकच. निघालो. वळणापाशी बघते तर ती माझ्या डावीकडून चालत होती. तिचे ओठ हलत होते. माफी मागत असेल, नसेलही.

"उजवीकडे येऊन बोल," मी म्हटलं.

ती आली नाही.