कडी आतून

बाबा गेले तेव्हा केबिनची कडी आतून लावलेली होती. ती तशीच असायला हवी होती. लॅम्प बदलताना केबिनमध्ये एकच माणूस, हा त्यांचा नियम. दुसऱ्यानं बाहेर जिन्यावर बसायचं, कोणाला वर येऊ द्यायचं नाही, आणि स्वतःही दार वाजवायचं नाही की हाक मारायची नाही. आतल्याचा हात दचकला तर संपलं. थिएटरच्या प्रोजेक्टरचा लॅम्प म्हणजे जाड काचेचा लांबट फुगा असतो आणि त्याच्या पोटात वायू दाबून भरलेला असतो. तापला की दाब वाढतो, पण थंड झाला म्हणून तो निरुपद्रवी होत नाही. फुटला तर काच थेट चेहऱ्यात घुसते.

त्या दिवशी बाहेर बॅटरीकाका बसले होते. ते थिएटरचे दारवाले. अंधारात उशिरा येणाऱ्यांना बॅटरी दाखवत खुर्चीपर्यंत नेण्यात त्यांची हयात गेली. ते नियमाप्रमाणे बसून राहिले. खाली पहिल्या खेळाची माणसं जमली, कुरकुरायला लागली, मॅनेजर तणतणत वर आला, तेव्हा कुठे दार फोडलं गेलं. बाबा मशीनला पाठ टेकून जमिनीवर बसले होते.

"झटक्यात गेले," असं डॉक्टर म्हणाले. आईनं तो शब्द धरून ठेवला. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती तेच सांगायची, पाण्याचा पेला पुढे करतानाच. "काही त्रास झाला नाही हो. झटक्यात." समोरचा मान हलवायचा आणि तिला तेवढ्यापुरतं बरं वाटायचं. मी शेजारी बसून पुस्तकांची प्रुफं तपासायचे, म्हणजे तपासल्यासारखं करायचे.

थिएटर बंदच होतं. मग मॅनेजरचा फोन आला.

"ताई, या वेळी विचारू नये, पण तुम्हाला लॅम्प बदलता येतो म्हणे."

"कोण म्हणालं?"

"मास्तरच म्हणायचे. माझी पोरगी बदलते, तुम्हाला जमायचं नाही म्हणून. तो लॅम्प अर्धवट लावलेला दिसतोय. कंपनीचा माणूस पुढच्या महिन्याशिवाय येत नाही. माझा मेहुणा वायरिंगचं काम करतो, तो म्हणतो मी बसवतो. दिवा तो दिवा."

"मेहुण्याचे डोळे शाबूत राहायला हवे असतील तर त्याला केबिनमध्ये पाठवू नका," मी म्हणाले. "मी येते."

कॉलेज संपल्यावर नोकरी लागेपर्यंत मी बाबांच्या हाताखाली केबिनमध्ये काम केलं होतं. लॅम्प बदलायला त्यांनी मला निकामी लॅम्पवर शिकवलं, तोही काचेवरच्या प्लॅस्टिकच्या कवचासकट. हात बसल्यावर खरा बदलायला दिला आणि स्वतः बाहेर जाऊन जिन्यावर बसले. नियम त्यांनाही लागू होता. मी कडी काढली तेव्हा त्यांचा शर्ट घामानं पाठीला चिकटला होता. "एवढा वेळ?" एवढंच म्हणाले.

सकाळी मी थिएटरवर गेले. बॅटरीकाका जिन्याच्या वरच्या पायरीवर बसले होते. दाढी वाढलेली. मला बघून उठले आणि कनवटीची किल्ली काढून पुढे केली.

"मॅनेजरनं बाहेरून कुलूप घातलंय. त्या दिवसापासून कोणी आत गेलेलं नाही. मीच जाऊ दिलं नाही."

"बरं केलंत."

"तुला त्यातलं कळतं," ते म्हणाले. "आत बघ जरा."

"काय बघू?"

"मास्तर किती वेळ होता ते."

ते भिंतीकडे बघत होते.

"डॉक्टर म्हणाले ना, काका. झटक्यात."

"डॉक्टर सगळ्यांच्याच माणसांना झटक्यात घालवतात." त्यांनी डाव्या कानावर बोट ठेवलं. "या कानानं मला काही ऐकू येत नाही. दुसऱ्यानं निम्मंशिम्मं. मॅनेजरला माहीत नाही, नाहीतर केव्हाच घरी बसवलं असतं. मास्तरला माहीत होतं. त्यानं कधी तोंडातून काढलं नाही." मग आवाज खाली आणून म्हणाले, "मी इथं बसून नखं काढत होतो, पोरी. त्यानं आतून हाक मारली असेल आणि मी नखं काढत बसलो असेन, तर? एवढंच मला कळू दे."

"आणि वाईट निघालं तर?"

"तरी सांग. गोड करून सांगू नकोस. घरी सगळे गोडच बोलतायत."

मी किल्ली घेतली. ते सवयीनं परत पायरीवर बसले. कडीचा कोयंडा उखडलेला होता. मी दार नुसतंच लोटून घेतलं.

केबिनमध्ये बाबांचा वास नव्हता. मशीनच्या तेलाचा आणि कोंडलेल्या हवेचा होता. खुंटीवर त्यांचा जाड कोट नव्हता, तो अंगावरच गेला असणार. तोंडावर घ्यायची पारदर्शक ढाल टेबलावर उपडी पडली होती. बाबा तिला खिडकी म्हणायचे. "खिडकी लावल्याशिवाय घरात डोकवायचं नाही," असं म्हणत माझ्या डोक्यावर चढवायचे. मी आधी मेन स्विच बघितला. बंद होता, आणि त्यावर त्यांचा पुठ्ठा लटकत होता: हात लावू नये. जुना लॅम्प काढून त्याच्या कवचात घालून टेबलाच्या आतल्या कडेला ठेवला होता, चारही खिट्ट्या घट्ट. म्हणजे निम्मं काम व्यवस्थित झालं होतं.

मशीनचं झाकण उघडंच राहिलं होतं. मी ढाल चढवली, दुसरा कोट घातला, हातमोजे घातले आणि आत वाकून बघितलं.

नवा लॅम्प आत होता. मागचं टोक सॉकेटात पूर्ण बसलेलं, पुढच्या टोकाला वायर जोडलेली. काचेवर प्लॅस्टिकचं कवच होतं. इथपर्यंत पाहिलं तर कोणीही म्हणेल, कवच काढण्याआधीच त्यांना झटका आला. कारण कवच सगळ्यात शेवटी काढायचं असतं. वायर जोडायची, पाना फिरवायचा, हिसका बसू शकेल असं सगळं आटोपायचं आणि मग काच उघडी करायची.

पण कवच उलटं बसवलेलं होतं. कारखान्यातून येतं तेव्हा खिट्ट्या वर असतात. या खाली होत्या, दोनच लावलेल्या, त्यातली एक तिरकी. म्हणजे बाबांनी कवच काढलं होतं आणि परत घातलं होतं.

मशीनच्या कडेवर एक हातमोजा पडला होता, उजव्या हाताचा. दवाखान्यातून आलेल्या पिशवीत एकच हातमोजा होता, डाव्या हाताचा, आणि आई म्हणाली होती, दुसरा त्या गडबडीत पडला असेल. मी तो उचलला. बोटांच्या टोकांवर चामड्यात दातांच्या खुणा होत्या, खोल.

मी खाली बसले नाही. केबिनमध्ये असताना बसावंसं वाटलं तर आधी झाकण लावायचं असतं.

काय झालं असेल ते समोर मांडून ठेवल्यासारखं होतं. काच उघडी केल्यावर कळ आली. डावा हात चालेना. खिट्ट्या बारीक असतात, हातमोजा घालून एका हातानं लागत नाहीत. म्हणून उजव्या हाताचा हातमोजा दातानं ओढून काढला आणि उघड्या बोटांनी कवच पुन्हा चढवलं. दोन खिट्ट्या लागल्या. दार तिथून दोन पावलांवर आहे. ते दाराकडे गेले नाहीत. आपण पडू, आपला धक्का मशीनला लागेल, किंवा कोणीतरी दार फोडून आत घुसेल आणि दाराचा फटका बसून काच त्याच्या तोंडावर फुटेल, एवढं त्यांच्या मनात आलं असणार. मग ते मशीनला टेकून बसले.

मी कवच काढलं.

काचेवर, फुगवट्याच्या बाजूला, अंगठ्याचा ठसा होता. बाबांच्या सगळ्या नियमांत हा पहिला: काचेला उघडं बोट लावायचं नाही. बोटाचं तेल काचेवर राहिलं की लॅम्प पेटल्यावर ती जागा आधी तापते, दुधाळ होते आणि कधीतरी तिथूनच फुटते. लागलंच, तर पेटवण्याआधी पुसायचं. ठशाच्या रेषा स्वच्छ दिसत होत्या, मध्ये एक आडवी चीर. ती कशाची ते मला ठाऊक होतं. लहानपणी माझ्या दप्तराचं बक्कल दुरुस्त करताना त्यांना कापलं होतं.

तो ठसा ठेवून मशीन चालू करता येत नव्हतं. मी कपाटातून स्पिरिट आणि धुतलेलं सुती फडकं काढलं. एकदा पुसलं, फडक्याची घडी उलटून पुन्हा पुसलं, आणि बॅटरी तिरकी धरून तिच्या उजेडात बघितलं, तसं बघायचं असतं म्हणून. काचेवर काही राहिलं नव्हतं. फडकं कचऱ्याच्या डब्यात टाकलं. वायरीचा ताण तपासला, झाकण लावलं, पुठ्ठा काढून मेन स्विच दिला आणि पेटवून बघितलं. पहिल्याच झटक्याला लागला. समोरच्या झरोक्यातून रिकाम्या पडद्यावर पांढरा चौकोन पडला. मी लॅम्प विझवला, पंखा चालू ठेवला आणि बाहेर आले.

"झालं?" बॅटरीकाकांनी विचारलं.

"बसला."

"ते नव्हे."

मी त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन बसले. मोठ्यानं बोलावं लागणार होतं आणि मॅनेजर खालीच होता, म्हणून त्यांच्या कानाशी वाकून सांगितलं. क्रमानं सांगितलं: कवच, खिट्ट्या, हातमोजा. अंगठ्याचा ठसा वगळला. तो त्यांच्या प्रश्नात येत नव्हता.

"म्हणजे वेळ होता," ते म्हणाले.

"थोडा होता."

"दारापर्यंत येण्याइतका?"

नाही म्हणता आलं असतं. दोन अक्षरं. खाली कोणीतरी लोखंडी फाटक ढकलत होतं, त्याचा आवाज येत होता. त्यांना तो येत नसावा.

"हो," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली, हळू, बराच वेळ. मग मीच घाईनं पुढे बोलले. "पण काका, त्यांनी तो वेळ तुमच्यासाठी वापरला. दार फोडून पहिलं आत कोण येणार हे त्यांना माहीत होतं. काच उघडी राहिली असती तर आज तुमचे डोळे नसते."

यानं त्यांना बरं वाटेल असं मला खरंच वाटलं होतं.

"आणि मला ऐकू येत नाही हेही त्याला माहीत होतं," बॅटरीकाका म्हणाले. "मग हाक कशाला मारेल? दम फुकट घालवायचा. बाहेर धड कानाचा माणूस असता तर मारली असती." ते उठले, गुडघ्यावर हात देऊन. "मॅनेजरला सांगितलं असतं तर काय, घरी बसवलं असतं. बसलो असतो घरी."

ते चुकीचं आहे असं म्हणावंसं वाटलं, पण ते चुकीचं होतं की नाही हे मला माहीत नव्हतं.

"आईला काय सांगणार?"

"काही नाही."

"बरोबर. तिचं राहू दे तसंच."

मॅनेजर अर्ध्या जिन्यापर्यंत आला. "उजेड पडला, बघितलं मी. आभार, ताई. पहिल्या खेळाची तिकिटं सोडतोय. आता एकच: नवा ऑपरेटर मिळेपर्यंत मशीन आणि पुढचा लॅम्पही तुम्हीच बघाल ना?"

"बघेन," मी म्हणाले. "पण दुसरी ढाल आणि दुसरा कोट आणा. यापुढे बाहेर कोणी बसणार नाही. दोघं आत, दोघं पूर्ण बंदोबस्तात." आणि बॅटरीकाकांकडे वळून म्हणाले, "तुम्ही माझ्याबरोबर आत."

"मास्तरला चाललं नसतं," ते म्हणाले.

"नसतं चाललं."

"मग दुसरा कोणी बघ." ते मॅनेजरकडे वळले आणि नेहमीपेक्षा मोठ्या आवाजात, बहिऱ्या माणसाला स्वतःचा आवाज कळत नाही तसं, म्हणाले, "साहेब, मला ऐकू येत नाही. बऱ्याच वर्षांपासून. दारावर नवा माणूस ठेवा."

मॅनेजर माझ्याकडे बघायला लागला. "काय म्हणतात हे?"

"ते म्हणतात ते खरं आहे," मी म्हणाले.

काका कठडा धरून खाली उतरले. खेळाची वेळ होत आली होती, लोक येत होते, आणि त्यांच्यामधून उलट दिशेनं ते फाटकाकडे निघाले. कोणीतरी त्यांना तिकीट दाखवलं. त्यांनी ते न बघता परत केलं. मी वर केबिनमध्ये गेले, कारण मशीन चालवायला दुसरं कोणी नव्हतं.