पाहुणी यायच्या आधी

"आंटी, हे काय चाललंय तुझं?"

हौनानीने मान वर केली नाही. टाकीतल्या पावसाच्या पाण्याची बादली तिने ओसरीच्या पायऱ्यांवर ओतली आणि खराट्याने पाणी खाली लोटलं. "दिसत नाही का? पायऱ्या धुतेय."

"ते दिसतंय. मागे काय येतंय ते दिसतंय का तुला?"

ते बघायची गरज नव्हती, ऐकू येत होतं. फुटक्या काचांचा ढीग कुणीतरी सावकाश ढकलत आणावा, तसा आवाज सकाळपासून चालू होता. वस्तीच्या वरच्या अंगाला जमीन उकलली होती आणि तिथून निघालेला लाव्हा घाई न करता, एकेक परसू ओलांडत खाली येत होता. वरून काळी भिंत, आत लाल. अधूनमधून जमिनीखाली जळणाऱ्या मुळांचा गॅस साचून कुठेतरी धडाका व्हायचा आणि घराच्या काचा थरथरायच्या. बेडूक मात्र गप्प होते. एरवी ते इतके ओरडायचे, की पाहुण्यांना झोप लागायची नाही. गेले दोन दिवस एकही ओरडला नव्हता.

जीपमधून उतरलेल्या कालेओने पिवळ्या जाकिटाच्या बाहीने तोंड पुसलं. हौनानी जन्मभर गावच्या शाळेच्या स्वयंपाकघरात होती. अर्धी वस्ती तिच्या हातचा भात खाऊन मोठी झाली होती, त्यात हाही. आता तो आपत्ती विभागाच्या गाडीतून लोकांना घराबाहेर काढत फिरत होता.

"वरचा रस्ता गेला," तो म्हणाला. "खालचा तेवढा उरलाय आणि त्यालाही भेगा पडल्यात, वाफ येतेय. चल."

"सामान गाडीत भरलंय मी. एलियाचा फोटो, गोधड्या, कोंबडी. चटई पुढे पायाशी ठेवलीय, मागे राख पडते म्हणून. ओसरी झाली की आतली जमीन पुसते, की निघाले."

"जमीन पुसते! आंटी, अगं जळणार आहे ते सगळं!"

"मग? पेलेआजी येतेय घरी. तिच्यासमोर केर ठेवू? माझ्या आईने तिच्या आईला असंच करताना पाहिलंय. आपण जमीन तिच्याकडून मागून घेतली होती, आता ती परत न्यायला आलीय. निदान स्वच्छ तरी द्यावी की नाही?"

ज्वालामुखीच्या देवीला घरात असंच घेतात, हे कालेओलाही माहीत होतं. त्याच्या आजीनेही हेच केलं असतं. उंबऱ्यावर हौनानीने 'ती' नावाच्या झाडाची लांब हिरवी पानं आणि ओहियाची लाल फुलं आधीच मांडून ठेवली होती.

"आणि होलकॉम?" तिने विचारलं.

"तो शेजारचा? गेला तो. गेटला कुलूप आहे आणि ट्रक नाही. दोनदा भोंगा वाजवला मी, कुत्रंसुद्धा भुंकलं नाही."

"ट्रक त्याने मागेच विकला. आणि कुत्रं नाहीच त्याच्याकडे. फक्त पाटी आहे कुत्र्याची."

"पण आंटी, घरात काही हालचालही नाही—"

"काल संध्याकाळी त्याच्या गेटला पपयांची पिशवी लावली होती मी. सकाळी पिशवी नव्हती."

"रानडुकरं नेतात ती."

"डुक्कर गाठ सोडतं का रे? गाठ सोडून दोरी गजाला नीट गुंडाळून ठेवतं का?"

 तेवढ्यात जीपमधला रेडिओ खरखरला. खालच्या वळणावर एक कुटुंब अडकलं होतं, त्यांची गाडी सुरू होत नव्हती. कालेओ धावत जीपकडे गेला आणि दारातून ओरडला, "मी त्यांना सोडून परत येतोय. तोवर तू गाडीत बसलेली हवीस! शाळेत सारखं म्हणायचीस ना, मागे बघा, मागे बघा? आज जरा पुढे बघ!"

जीप धुरात दिसेनाशी झाली.

शाळेत ती तसं म्हणायची खरं. ताट घेऊन मूल पळायला लागलं, की ती पळी आपटून विचारायची, "मागे कोण आहे? त्याला चमचा पोचला का?" शाळेच्या भिंतीवर मोठ्या रंगीत अक्षरांत 'अलोहा' लिहिलं होतं आणि दर वर्षी एखादं चुणचुणीत मूल त्याचा अर्थ विचारायचं. ती म्हणायची, "ते भिंतीवरचं नंतर वाच. आधी मागच्याला चमचा दे." पुढच्या वर्षी ते मूल पुन्हा विचारत नसे.

हातातला खराटा तिने ओसरीच्या कठड्याला टेकवला. अर्धी ओसरी धुऊन झाली होती, आतल्या जमिनीला अजून हात लागला नव्हता. परसामागच्या केळींच्या शेंड्यांवर धूर चढला होता. घर आणि होलकॉम, दोन्हींना वेळ पुरणार नाही, हे तिला कळत होतं. घर असं केराचं टाकून जायचं म्हणजे आईला तोंड दाखवायला जागा नाही.  तरी ती पायऱ्या उतरली आणि होलकॉमच्या गेटकडे चालू लागली.

वेंडेल होलकॉम मुख्य भूमीवरून इथे बेटावर राहायला आला होता, एकटाच. हौनानीचा नवरा एलिया गेला तेव्हा सगळी वस्ती हौनानीच्या घरी जेवायला जमली होती आणि तोही आला होता, हातात ॲपल पायचा डबा घेऊन. बाहेर चिखल होता, दाराशी चपलांचा हा ढीग. त्याने तो पाहिला नाही, किंवा पाहूनही त्याला अर्थ कळला नाही. बूट घालून तो सरळ आत आला, थेट एलियाच्या आईने विणलेल्या केवड्याच्या पातींच्या चटईवर. हौनानीचा दीर मोठ्याने म्हणाला, "काय साहेब, गोठा आहे का हा?" लोक हसले. तसं कुणाच्या मनात काही नव्हतं. दुःखाच्या घरी लोक कशालाही हसतात. पण होलकॉमने खाली पाहिलं, आपल्या बुटांचे ठसे पाहिले आणि तो मान खाली घालून निघून गेला. पायचा डबा कठड्यावरच राहिला.

दुसऱ्या दिवशी त्याच्या गेटवर कुलूप आणि पाटी आली. हौनानीने डबा घासला. डबा रिकामा परत करायचा नसतो, म्हणून अळकुड्या आणि नारळाच्या वड्यांनी तो भरला आणि गेटला टांगला. मग कधी पपया, कधी अवोकाडो, नीरफणसाच्या दिवसांत नीरफणस. तो कधी बोलला नाही. पण दुपारपर्यंत पिशवी धुतलेली, चौकोनी घडी घातलेली, गजाला अडकवलेली असायची. एवढंच त्यांचं बोलणं, कितीतरी वर्षांचं.

आज दुपार टळून गेली होती आणि गजावर घडी नव्हती.

"मिस्टर होलकॉम!"

आतून काही नाही. पडदे ओढलेले. वरच्या अंगाला पुन्हा धडाका झाला आणि कुठल्याशा पत्र्यावर दगड पडल्याचा आवाज आला. हौनानीने गेट हलवून पाहिलं. कुलूप गंजलेलं होतं, पण पक्कं होतं. तिने पोटात हवा भरून घेतली आणि आपला जुना आवाज काढला. त्या आवाजाने एकेकाळी भरलेली पंगत चिडीचूप व्हायची.

"होलकॉम! ताट थंड होतंय! बाहेर या!"

पडदा हलला.

बऱ्याच वेळाने दार उघडलं. तो चांगलाच वाळला होता. अंगात कोट, पायात बूट, हातात छोटी बॅग. भिंतीला हात लावत तो पायऱ्या उतरला आणि गेटपर्यंत आला. किल्ली कुलपात बसेना. चार बोटं अलीकडे, चार बोटं पलीकडे ती टोचत राहिली. तेव्हा हौनानीला कळलं, ट्रक का विकला ते.

"द्या इकडे," ती म्हणाली. गजांतून हात घालून तिने किल्ली घेतली. "किती दिसतं?"

"कडेकडेचं दिसतं. मधलं गेलं."

"आणि तो मुलगा भोंगा वाजवत होता, तेव्हा काय झालं होतं?"

"मी तयार होतो. सकाळपासून बूट घालून बसलोय." त्याने बॅग दुसऱ्या हातात घेतली. "मी दाराशी पोचेपर्यंत त्याला वाटलं कोणी नाही, तो गेला. मग म्हटलं, आता कोणाला हाक मारायची? नावं माहीत नाहीत मला कोणाची."

"माझंही नाही?"

"तुमचं माहीत आहे. पण तुम्हाला कुठल्या तोंडाने हाक मारणार?"

कुलूप उघडलं. "चला," ती म्हणाली आणि तिने त्याचा दंड धरला. "माझी पिकअप आहे. तो मुलगा पुढे जाईल, आपण मागून."

तिच्या अंगणापर्यंत येईतो केळींच्या बागेला आग लागली होती. ओली खोडं फुटत होती, फट्, फट्. उष्णता आता कपाळाला लागत होती. कालेओची जीप अजून आली नव्हती आणि त्याच्याशिवाय त्या भेगांच्या रस्त्यावर उतरण्यात अर्थ नव्हता. हौनानीने होलकॉमला पिकअपपाशी नेलं. "बसा तुम्ही." आणि ती पुन्हा पायऱ्या चढून आत गेली.

ती गुडघ्यांवर बसून जमीन पुसत होती, तेव्हा दारात सावली पडली.

"तुम्ही काय करताय? हे सगळं जळणार आहे ना?"

"जळायच्या आधी पाहुणी येणार आहे. तिच्यासाठी."

 मग तो वाकला. बुटांच्या नाड्या त्याला दिसत नव्हत्या, बोटांनी चाचपत तो गाठी सोडायला लागला. वेळ लागत होता. मागे काचांचा ढीग सरकत होता, कुंपणाचा पहिला खांब कलून खाली गेला. हौनानीला ओरडावंसं वाटलं, 'अहो, राहू द्या, या तसेच.' पण तिने ओठ मिटले. एक बूट निघाला. मग दुसरा. दोन्ही त्याने जोडून, पायरीच्या कडेला ठेवले आणि हाताने चाचपून सरळ केले.

"दुसरं फडकं आहे का?" त्याने विचारलं.

"बादलीत."

त्याच्या पुसण्यात अर्धा केर राहत होता.  ती खिडकीकडून पुसत आली, तो दाराकडून. खोलीच्या मध्यावर, जिथे चटई अंथरलेली असायची तिथे लाकडाचा रंग जरा फिका राहिला होता. त्या फिक्या चौकोनावर तो कितीतरी वेळ फडकं फिरवत राहिला.

"तेव्हा तुमच्या दिराने बरोबर सांगितलं होतं," तो खाली बघत म्हणाला.

"तो मूर्ख आहे. अजूनही आहे. तुमची ॲपल पाय मात्र छान होती. सगळी मीच खाल्ली, त्याला तुकडा दिला नाही."

होलकॉमच्या तोंडून काहीतरी आवाज निघाला. हसण्याची सवय मोडलेल्या माणसाचं हसणं असेल ते.

बाहेर भोंगा वाजला, न थांबता. "आंटी! खालच्या भेगेतून लाल दिसायला लागलंय! आत्ताच्या आत्ता!"

जीप वळवून कालेओ तयारच होता. होलकॉमला दारात पाहून त्याचा हात भोंग्यावरच राहिला. मग तो पुन्हा ओरडला, "दोघं! पळा!"

हौनानीने दोन्ही फडकी पिळून कठड्यावर वाळत घातली. सवयीने. मग होलकॉमचा दंड धरून ती अंगणात उतरली. परसाकडची टाकी मोठ्याने कण्हली. आतलं पाणी उकळायला लागलं होतं. दोघंही पिकअपमध्ये बसले, तिने किल्ली फिरवली, इंजिन खोकलं, बंद पडलं, पुन्हा खोकलं आणि लागलं. मागच्या पेटीत कोंबडी वेड्यासारखी ओरडत होती.

गाडी फाटकाबाहेर पडली तेव्हा होलकॉम म्हणाला, "माझे बूट राहिले."

"राहू द्या."

पुढे जीपचे लाल दिवे धुरात दिसत होते आणि नाहीसे होत होते. रस्त्याच्या दोन्ही कडांना वाफ होती. पुढचं वळण अजून जागेवर आहे की नाही, हे कोणालाच सांगता आलं नसतं. हौनानीच्या लक्षात आलं, की शेजारी बसलेला माणूस विचित्र अवघडून बसलाय. गुंडाळलेली चटई त्याच्या पायाशी होती आणि ती कशाची आहे हे त्याला हाताला कळलं असावं. दोन्ही गुडघे उचलून, अनवाणी पाय अधांतरी धरून तो बसला होता. म्हाताऱ्या मांड्या थरथरत होत्या.

"टेका पाय," ती म्हणाली.

"ही तीच—"

"हो, तीच. टेका."

त्याने हळूच पाय खाली सोडले.

हौनानीने आरशात पाहिलं. कुंपण उरलं नव्हतं. काळी भिंत ओसरीच्या मागच्या कोपऱ्यापर्यंत आली होती आणि घर अजून उभं होतं, धुतलेलं. कठड्यावर दोन फडकी वाळत होती, उंबऱ्यावर हिरवी पानं होती. पायरीवर जोडून ठेवलेले बूट होते, टोकं दाराकडे, आत कोणीतरी बसायला आलेलं असावं तसे. मग धूर खाली उतरला. आधी छप्पर गेलं, मग दार. बूट सगळ्यात शेवटी दिसेनासे झाले.