पंखावरचा बर्फ

पूर्णा गावच्या शीतगृहात नागसेन वीस वर्षं मशिनरी सांभाळत होता. त्यामुळे मुलीच्या मोबाइलवर विमानाच्या पंखाला चिकटलेला बर्फ दिसला, तेव्हा काळजीच्या आधी त्याला कुतूहल वाटलं.

"हा काचेसारखा कसा? आमच्याकडे तर पांढरा, भुसभुशीत धरतो."

धम्मदिना वैमानिक होऊन वर्ष झालं होतं. सुट्टीत घरी आली होती, आज बापाचा डबा घेऊन शीतगृहात आली आणि त्याच्या स्टुलावर बसली.

"ढगातलं पाणी शून्याखाली जाऊनही कधीकधी पाणीच राहतं, पप्पा. पंखाला लागलं की गोठतं. थेंब मोठे असले तर आधी पसरतात, म्हणून असा काचेसारखा."

"एकटीच होतीस?"

"हो. चार सीटचं विमान, उत्तरेत पोहोचवायचं होतं."

"बर्फाचं वजन किती भरलं असेल?"

"वजनापेक्षा आकार बिघडतो त्याचा त्रास. हवा पंखावरून नीट सरकत नाही. मग पंख विमानाला उचलून धरत नाही."

हे नागसेनला लगेच पटलं. फ्रीझरच्या गार नळ्यांवर, कॉइलवर, बर्फ साचला की पंखा फिरत राहतो, पण हवेला वाट मिळत नाही आणि खोली गार होत नाही.

"मग तू काय केलंस?"

"समोरची काच पांढरी झाली. इंजिन पूर्ण जोरात, तरी वेग उतरायला लागला. त्या विमानाला पंखावरचा बर्फ काढायची सोयच नाही. कंट्रोलला सांगितलं, बर्फ धरतोय, खाली यायचंय. ते म्हणाले, उजवीकडे डोंगर आहेत, डावीकडे वळा."

"गर्रकन वळलीस?"

"तसं वळले असते तर पडलेच असते. हळूहळू वळले. अडीच हजार फूट खाली आले तेव्हा बाहेरचं तापमान शून्याच्या वर गेलं. मग बर्फाचे तुकडे सुटून शेपटीवर आदळायला लागले. त्या आवाजाचं बरं वाटलं मला."

"आणि उतरताना?"

"वेग कमी करायला पंखाच्या मागच्या पट्ट्या खाली घेतात. त्या घेतल्याच नाहीत. थोडा बर्फ शिल्लक होता, विमान कसं वागेल भरवसा नव्हता. जोरातच उतरले. धावपट्टी जेमतेम पुरली."



"घाबरलीस?"

"वर असताना नाही. खाली उतरून फोटो काढला, तेव्हा घाबरले."

त्याने खुंटीवरचं जाड जॅकेट तिच्या हातात दिलं आणि तिला फ्रीझरमध्ये नेलं. कॉइलवरचा पांढरा थर तिने नखाने खरवडून पाहिला.

"असाही धरतो वर," ती म्हणाली. "थेंब बारीक असले की."

"मोठे की बारीक, आधी कळतं कसं?"

"नेहमी नाही कळत. म्हणून धरायला लागला की थांबून बघायचं नाही, बाहेर पडायचं."

नागसेनने मान हलवली. बाहेर आल्यावर दार नीट लागलंय ना ते त्याने दोनदा ओढून पाहिलं.

"आईला सांगितलंस?"

"नाही."

"संध्याकाळी दोघं मिळून सांगू. आधी सुखरूप उतरलीस ते सांग, बर्फाचं मग."