रांगेतली भांडी

मदतीचं धान्य वाटणाऱ्या मामांच्या खिडकीसमोर रांग होती, पण माणसं नव्हती. उन्हात उभं राहण्यापेक्षा लोक आपापली भांडी रांगेत ठेवायचे. पुढे तेवढ्या धान्यात भागेना, म्हणून एकेक कुटुंब सरहद्दीपलीकडे निघून गेलं. भांडी तेवढी राहिली.

"ती उचलू नका हं," मामी म्हणाल्या. "रांग दिसली तरच ट्रक येतो. नाहीतर केंद्र बंद, आणि आपलीही वरात सरहद्दीकडे!"

तपासणीला साहेब आले. गाडीची काच खाली करून खूश झाले. "वा! ढकलाढकली नाही, शिव्या नाहीत. लोक कुठायत?"

"सावलीत बसलेत, साहेब."

"मग वाटा की. मी बघतो."

झक मारत मामांनी सगळी भांडी भरली. साहेबांनी फोटो काढले आणि एक ट्रक वाढवून दिला.

सकाळी भांडी चाटूनपुसून रिकामी होती. खिडकीजवळचं गायब, बाकीची एकेक जागा पुढे सरकलेली.

"उंदीर असतील," मामी म्हणाल्या.

"उंदीर कधीपासून रांगेत उभे राहायला लागले?"

मामी हसल्या नाहीत. रांगेच्या शेवटी त्यांच्याच घरातलं पोचे पडलेलं पातेलं होतं.

"अहो, हे कशाला ठेवलंत?"

"मी? मला वाटलं तूच..."

मामांनी ते घरात नेऊन कडी लावली. दुसऱ्या दिवशी पातेलं पुन्हा रांगेत होतं, एक जागा पुढे. मामी बोचकं बांधायला लागल्या.