पुकारलेला कर्णधार

बापाच्या तोंडून एकदा भाव निघाला की ब्रह्मदेव खाली उतरला तरी तो बदलत नाही, हे पूजाला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक होतं. वाल्मीकशेठ लासलगावचे कांदा व्यापारी. लिलावात ट्रॉलीपाशी उभे राहायचे, वरचे दोन कांदे उचलायचे, मान दाबून बघायचे आणि भाव पुकारायचे. सगळा कारभार अर्ध्या मिनिटाचा. मग ट्रॉली रिकामी करताना तळातून बारीक माल निघो नाहीतर सडका, शेठनी पुकारलेला भाव कधी पाडला नाही. असा माल निघाला की बाकीचे व्यापारी वांधा काढतात, म्हणजे तक्रार करून भाव कमी करून घेतात. त्यात गैर काही नाही, बाजारात तशी सोयच आहे. पण शेठ म्हणायचे, "डोळे माझे, चूक माझी." तीस वर्षांत एकही वांधा नाही.

गुण चांगलाच, कोण नाही म्हणतंय? पण हाच गुण माणसाने फुटबॉलमध्ये आणला की घोडं पेंड खातं.

फुटबॉल म्हणजे पायाने खेळायचा नव्हे हो. शेठच्या गुडघ्यांना शहरातल्या, इंदिरानगरच्या फ्लॅटचा जिना चढवेना, ते काय बॉल मारणार! हा मोबाईलवरचा. शेजारच्या गाळ्यातल्या रंगनाथकाकांनी दोन वर्षांपूर्वी व्यापाऱ्यांची दहा जणांची लीग काढली होती. क्रिकेटची का नाही? कारण क्रिकेटमधलं प्रत्येकालाच सगळं कळतं, तिथं खेळ कमी आणि भांडणं जास्त. विलायतेतला फुटबॉल कुणालाच कळत नव्हता, म्हणून सगळे सारखे. प्रत्येकाने तिकडचे पंधरा खेळाडू निवडायचे, एकच खेळाडू दोघांनी घेतला तरी चालतं. दर आठवड्याला त्यातले अकरा मैदानात उतरवायचे, चार बाकावर बसवायचे आणि एकाला कर्णधार करायचं. ते प्रत्यक्षात जसे खेळतील तसे आपल्याला गुण, कर्णधाराचे दुप्पट. आणि दर आठवड्याला लीगमधल्याच एकाशी सामना. अक्कल लागते ती कुणाला उतरवायचं आणि कुणाला बसवायचं यात.

खेळाडूंची नावं शेठच्या जिभेवर बसेनात, म्हणून त्यांनी आपलीच नावं ठेवली. उंच, धिप्पाड, धडाधड गोल करणारा तो पहिलवान. बुटका, चपळ, पायातून बॉल न सुटणारा तो गोल्टी, बाजारात बारीक कांद्याला म्हणतात तसा. बघता बघता सगळी लीग त्याच नावांनी बोलायला लागली.

पूजा या लीगमधली एकटी मुलगी, आणि उगाच आडपडदा कशाला, सगळ्यांत हुशार. वय सत्तावीस, पेढीचं जवळजवळ सगळं तीच बघायची. कुठला ट्रक चेन्नईला जाणार, रेल्वेत माल कधी भरायचा, कुठल्या ड्रायव्हरला आज झोपू द्यायचं, सगळं तिच्या डोक्यात. फक्त एक काम तिच्याकडं नव्हतं, लिलावात उभं राहून बोली लावायचं. शेठच्या पेढीवरून आजवर कुणी बाई बोलीला उभी राहिली नव्हती. आता गुडघ्यांमुळे शेठ मागं होणार होते, आणि दिवाळीनंतरच्या मुहूर्ताच्या लिलावापासून त्यांच्या जागी पुतण्या, सोमनाथ, उभा राहणार असं घरात ठरल्यात जमा होतं. सोमनाथ वाईट नव्हता. पण ओला कांदा कुठला आणि वाळलेला कुठला, हे कळायला त्याला अजून दुसऱ्याच्या तोंडाकडं बघावं लागायचं. पूजाला हे खुपत नव्हतं, जाळत होतं.

त्यात लीगच्या दिवाळीआधीच्या शेवटच्या आठवड्यात सामना आला तो बाप विरुद्ध लेक. गुरुवारी रंगनाथकाका चहाला आले होते, सोमनाथही होता. पूजाने कप ठेवला आणि सरळ बोलली, "अप्पा, मी जिंकले तर मुहूर्ताला बोली मी लावणार."

शेठ खदखदून हसले. "आन् हरलीस तर?"

"परत विषय काढणार नाही. कधीच."

"जा, दिला शब्द," शेठ म्हणाले. उचलली जीभ लावली टाळ्याला! सोमनाथचा चेहरा पडला, आणि आतून आईची, शुभांगीबाईंची, पातेल्यावर झाकण आपटल्याची खणखणीत पावती आली.

शनिवारी दुपारी तीच चौकडी परत बसली. संघ साडेतीनपर्यंत कितीही वेळा बदलता येतो, हा ॲपचा नियम. पण शेठची रीत बाजाराची. आपला संघ ते दुपारीच चार माणसांत मोठ्याने पुकारायचे, आणि पुकारला की संपलं. त्यांचं बघून लीगमध्ये बाकीचेही पुकारायला लागले होते. लिहिलेला नियम नव्हता, नुसती पडलेली सवय.

"कर्णधार पहिलवान!" शेठनी पुकारलं. "आता तू. मुहूर्ताला उभं राहायचंय ना? मग पुकार की मोठ्यांदा."

पूजाने अकरा नावं घडाघडा पुकारली. तिचाही कर्णधार पहिलवानच. गोल्टी बाकावर. आवाज असा खणखणीत की शेठच्याही भुवया वर गेल्या.

तीन वाजून दहा मिनिटांनी तिच्या मोबाईलवर बातमी आली. पहिलवान काल सरावाला आला नव्हता. मांडीचा स्नायू धरलाय म्हणे, खेळेल न खेळेल सांगता येत नाही. पूजाने मनाशी हिशेब केला. बुधवारी तो दोन तास खेळलाय, आठ दिवसांत ही तिसरी मॅच. न झोपता तीन खेपा मारलेल्या ड्रायव्हरच्या हातात ती चौथ्यांदा किल्ली देत नसे, मग इथं का द्यायची? गोल्टीला मात्र अख्खा आठवडा विश्रांती, आणि समोरचा संघ कच्चा. तिला शंकाच उरली नाही.

आता एखादी असती तर गुपचूप बदल करून चकली खात बसली असती. पूजा उठली आणि मोबाईल बापासमोर धरला. "अप्पा, पहिलवानाचा पाय धरलाय. बदला. वीस मिनिटं आहेत अजून."

"मला कशाला सांगतीस? जिंकायचं नाय का तुला?"

"जिंकायचंय. तुमच्यापासून बातमी लपवून जिंकायची मला गरज नाही."

शेठनी चष्मा वर करून बातमी वाचली. मोबाईल परत दिला. "पुकारलंय मी."

"अप्पा, तो उतरणारच नाही कदाचित!"

"नाय तर नाय. डोळे माझे, चूक माझी."

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही तो असा. पूजाने मान हलवली आणि म्हणाली, "ठीक आहे. मी बदलतेय."

 रंगनाथकाकांनी चकली बशीत ठेवली. शेठ हळू आवाजात बोलले, आणि शेठ हळू बोलले म्हणजे रागावले असं समजायचं. "लिलावात पण असंच करशील? चार लोकांत पुकारशील आन् मागं फिरशील?"

हे मात्र लागलं. खोटं कशाला सांगा, पूजाचा अंगठा मोबाईलवर होता तिथंच थांबला. ज्या जागेसाठी ही सगळी खटपट, त्या जागेला हिची लायकी नाही, असंच बाप म्हणत होता. गप्प बसली असती तर बापाच्या नजरेत चांगली राहिली असती आणि हरली असती. घड्याळात तीन वीस झाले होते.  मग ती बोलायला लागली आणि बोलताना तिचा आवाज कापला नाही.

"लिलावात समोर शेतकरी उभा असतो अप्पा. आपण बोललेला भाव घेऊन तो घरी जातो. तिथं मी मागं फिरले तर माझं नाव टाका. इथं कोण आहे समोर? त्या पहिलवानाच्या घरची चूल आपल्या बोलण्यावर पेटते का? बातमी हातात असून गप्प बसायचं, याला मी शब्द म्हणत नाही. हट्ट म्हणते."

"ताई, अगं बापाशी बोलतीयेस," सोमनाथ म्हणाला.

"माहीत आहे. म्हणून तर तोंडावर बोलतेय." ती उभी राहिली आणि मघाच्याच आवाजात पुकारलं, "पहिलवान बाकावर. गोल्टी मैदानात, कर्णधार गोल्टी. चारचौघांत सांगतेय, चोरून नाही." आणि बटण दाबलं.

रंगनाथकाकांनी लीगचा प्रमुख म्हणून घसा खाकरला. "नियमात बसतं वाल्मीक. साडेतीनला अवकाश हाय अजून."

 शेठनी कांदा हुंगल्यासारखं नाक मुरडलं आणि बाल्कनीत जाऊन उभे राहिले.

गोल्टीने काय खेळ केला म्हणून सांगू! शनिवारीच दोन गोल मारले. रविवारी संध्याकाळी, शेवटची मॅच सुरू व्हायच्या आधी, पूजा बारा गुणांनी पुढं होती. आता उरला होता एकटा पहिलवान, आणि तो सुरुवातीला बाकावरच बसलेला दिसला. सोमनाथने सुस्कारा सोडला. पूजा पाय पोटाशी घेऊन सोफ्यावर बसली, चेहऱ्यावर हसू, पण चहाचा कप तसाच हातात.

आणि सत्तराव्या मिनिटाला तो धिप्पाड गडी उठला, मांडीला पट्टी बांधलेली, आणि मैदानात आला. शेठ खुर्चीच्या कडेवर आले. दहाच मिनिटांत त्याने डोक्याने असा गोल ठोकला की शेठ गुडघे विसरून उभे राहिले. "बघ! बघ! पुकारल्याला जागला!" दुप्पट गुण धरून दहा मिळाले. बारातले दहा गेले, राहिले दोन.

शेवटची दहा मिनिटं पूजाने कशी काढली तिचं तिला माहीत. आपण चुकलो का, हा विचार तिला शिवून गेला, पण टिकला नाही. दोघांकडं पहिलवान असता तर त्याचे दहा दोघांनाही मिळाले असते, आणि तिचा गोल्टी बाकावर सडला असता. निवड बरोबरच होती. अगदी शेवटच्या मिनिटाला पहिलवानाने परत डोकं लावलं, बॉल वरच्या दांडीवर आपटला आणि बाहेर गेला. शिटी वाजली. लेक दोन गुणांनी जिंकली.

"आईगं!" एवढंच तिच्या तोंडून निघालं, आणि इतका वेळ दाबून धरलेलं रडू फुटलं. आनंदाचंच, पण फुटलं.

सोमनाथ लगेच म्हणाला, "अप्पा, पण तिनं पुकार फिरवला. पैज धरायची कशी?"

वाट तर चांगली काढून दिली होती त्याने. शेठनी एवढं म्हटलं असतं की बरोबर आहे, पैज रद्द, तरी घरात कुणी वाद घातला नसता. शेठनी टीव्ही बंद केला आणि आत निघून गेले.

मग आली दिवाळी. पाहुणे आले, फराळ झाला, पाडवा झाला, भाऊबीज झाली. शेठ सगळ्यांशी बोलले, फक्त त्या विषयावर नाही. पूजानेही विचारलं नाही. शब्द ज्याने दिला त्याने आठवण ठेवायची, ती काय मागायची वस्तू आहे? शुभांगीबाईंनी एकदा सुचवून पाहिलं, "जाऊन बोल ना त्यांच्याशी." पूजा म्हणाली, "नाही आई. ते विसरणारे नाहीत." बोलली छातीठोकपणे, पण रात्री दोनदा कूस बदलली.

मुहूर्ताच्या दिवशी सकाळी सातला ती आवरून बसली होती. शेठनी गाडीची किल्ली उचलली, तिच्याकडं न बघता तिच्या हातात दिली आणि म्हणाले, "चल. गुडघा दुखतोय, गाडी तू चालव." लासलगाव येईपर्यंत दोघांत तेवढंच बोलणं झालं. सोमनाथ आवारात आधीच पोचला होता, नवा शर्ट घालून.

हार-नारळ होऊन पहिली ट्रॉली गेली. मुहूर्ताच्या ट्रॉलीला कुणीही चढा भाव देतो, त्यात अक्कल लागत नाही. दुसरी ट्रॉली खरी. ती चिमणाबाई नावाच्या शेतकरणीची होती. म्हातारी ट्रॉलीची कड धरून उभी, नजर व्यापाऱ्यांच्या तोंडांवर. शेठ दोन पावलं मागं थांबले. सोमनाथने त्यांच्याकडं बघितलं, पूजाने नाही बघितलं. ती पुढं गेली. वरचे दोन कांदे उचलले, ठेवून दिले. मग हात कोपरापर्यंत आत घालून खालचे दोन काढले, मान दाबली, सालीवरून अंगठा फिरवला. नवा लाल कांदा, कोरडा, खालपासून वरपर्यंत एकसारखा. बाजूच्या एकाने क्विंटलला पंधराशेचा पुकार केला होता.

"सोळाशे पन्नास," पूजाने पुकारलं.

गर्दीत कुजबुज झाली. कुणीतरी हसलं. पुढं कुणी बोललं नाही. पुकारा करणाऱ्या सहादूने कागदावर पेन टेकवलं, आणि तिच्या डोक्यावरून मागं बघितलं, नेहमीच्या माणसाकडं. "शेठ, धरू का?"

सोमनाथ पुढं सरकला. "अप्पा, जास्त झाले. आणि तसंही त्या दिवशी तिनं..."

"गप," शेठ म्हणाले. "मी शब्द दिला तेव्हा अट घातली नव्हती. अट मागाहून काढायची म्हंजी वांधाच की." मग सहादूवर डाफरले, "आन् तू माझ्याकडं काय बघतो रे? बोली माझी हाय का? जिनं लावली तिला विचार."

सहादूने मान खाली घेतली आणि पहिल्यांदाच पूजाकडं नीट पाहिलं. चिमणाबाईही बघत होत्या.

"ताई, सोळाशे पन्नास. पक्कं?"

"पक्कं," पूजा म्हणाली.